एचआयव्ही असताना शौचाच्या रिपोर्टमध्ये ‘आयसोस्पोरा’ आला: जंताची गोळी, मांजर आणि एआरटीबद्दल

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. अडतीस वर्षांच्या भावाला दीड महिन्यापासून पाण्यासारखे जुलाब होताहेत, वजन ११ किलोंनी उतरलंय. तपासण्यांत एचआयव्ही निघाला, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या एका जातीच्या पेशींची रक्तातली संख्या) ५२ आहे, म्हणजे फार कमी. शौचाच्या रिपोर्टमध्ये ‘आयसोस्पोरा’ लिहिलंय, रक्ताच्या रिपोर्टमध्ये ‘टॉक्सोप्लाझ्मा आयजीजी पॉझिटिव्ह’. डॉक्टरांनी को-ट्रायमोक्साझोल हे सल्फा असलेलं औषध सुरू केलं आणि एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधंही, लगेच सुरू करू म्हणाले. घरात मात्र वेगळीच चर्चा चाललीय: आधी जंत मारा, मग एचआयव्हीचं औषध बघू, मांजर कुठेतरी सोडून या, त्याची भांडी वेगळी ठेवा. यातलं खरं काय, असं त्या विचारतात.

ताई, डॉक्टरांनी जे सुरू केलंय ते योग्य आहे. घरातल्या तिन्ही सूचनांपैकी एकही पाळायची गरज नाही. पण का नाही हे नीट कळलं नाही तर चार दिवसांनी पुन्हा तीच चर्चा सुरू होईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जंताच्या गोळीपासून सुरुवात करू, कारण ती बहुधा घरात कुणीतरी आणूनही ठेवली असेल. ही गोळी म्हणजे आल्बेंडाझोल, ती चालते गोलकृमी, अंकुशकृमी अशा जंतांवर. आयसोस्पोरा हा जंत नाहीच. तो डोळ्यांना न दिसणारा एकपेशीय परजीवी आहे, मलेरियाच्या परजीवीचा लांबचा भाऊबंद. आतड्याच्या पोकळीत फिरण्याऐवजी तो आतड्याच्या अस्तरातल्या पेशींत शिरतो आणि तिथेच वाढतो. पुस्तकांत आता त्याला सिस्टोआयसोस्पोरा बेली म्हणतात. लॅबमध्ये सवयीनं जुनंच नाव लिहितात, त्यामुळे दोन रिपोर्टांत दोन नावं दिसली तर घाबरू नका. जंताची गोळी घेऊन फारसं नुकसान होत नाही, पण ‘औषध दिलंय’ या समाधानात आठ-दहा दिवस निघून जातात. सीडी४ ५२ आणि एवढं वजन उतरलेलं असताना ते दिवस घालवणं परवडणारं नाही.

मी वर ‘पेशींत शिरतो’ असं म्हटलं, ते लक्षात असू द्या. एचआयव्हीसोबत कोणता परजीवी माजतो आणि कोणता नाही, याचं उत्तर बरंचसं त्यातच आहे.

सीडी४ पेशी स्वतः फारसं कुणाला मारत नाहीत. त्या हुकूम सोडतात. इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडून त्या इतर पेशींना, विशेषतः मॅक्रोफेज या भक्षक पेशींना, जागं करतात. पेशीच्या आत दडून बसलेल्या परजीवीला आवरण्याचा शरीराकडचा मुख्य मार्ग हाच. एचआयव्ही नेमक्या या हुकूम देणाऱ्या पेशी संपवतो. म्हणून टॉक्सोप्लाझ्मा, क्रिप्टोस्पोरिडियम, आयसोस्पोरा, काळ्या आजाराचा लेशमॅनिया असे पेशींत राहणारे परजीवी सीडी४ उतरल्यावर डोकं वर काढतात. वीतभर लांबीचा जंत कुठल्या पेशीत मावणार? त्याच्याशी शरीर वेगळ्या हत्यारांनी लढतं: इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी, आयजीई नावाची प्रतिपिंडं, आतड्यातला चिकट स्राव. ती फळी एचआयव्हीमुळे तेवढी कोलमडत नाही. साधे जंत एचआयव्ही असलेल्या आणि नसलेल्या माणसात बरेचसे सारखेच वागतात.

हा नियम ठोकळ आहे, पण डॉक्टरांनाही तो उशिराच उमगला. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा एक बारीक कृमी आहे. तो माणसाच्या शरीरातच पिढ्यान्‌पिढ्या वाढू शकतो, वर्षानुवर्षं गपचूप राहतो आणि प्रतिकारशक्ती ढासळली की आतडं भेदून फुप्फुसांत, कधी मेंदूपर्यंत पसरतो. सोबत आतड्यातले जिवाणूही रक्तात नेतो आणि माणूस दगावतो. एड्सची साथ सुरू झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं की आता याचे ढिगानं रुग्ण दिसणार. अमेरिकेतल्या एड्सच्या सुरुवातीच्या व्याख्येत त्याचं नावही होतं. प्रत्यक्षात असे रुग्ण फार थोडे दिसले आणि १९८७ साली त्याला त्या यादीतून वगळण्यात आलं. हा कृमी खरा उसळतो तो स्टेरॉइडमुळे, आणि एचटीएलव्ही-१ या दुसऱ्याच विषाणूसोबत. एचआयव्हीच्या रुग्णाला दुसऱ्या कारणासाठी स्टेरॉइड द्यावं लागलं तरच मी याची धास्ती घेतो. हा कृमी असण्याची शक्यता असेल तर आधी आयव्हरमेक्टिन देऊन मोकळं व्हावं, रक्तात इओसिनोफिल वाढलेले नसले तरीही. पसरलेल्या आजारात ते बऱ्याचदा वाढलेले नसतातच.

‘जंत मारले की सीडी४ वाढेल’ ही कल्पनाही एके काळी संशोधकांत गाजली होती. जंतांमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा सतत पेटलेली राहते आणि एचआयव्हीला आयतं रान मिळतं, असा तो विचार. आफ्रिकेत यावर चाचण्या झाल्या. सरसकट जंतनाशक दिल्यानं एचआयव्हीची वाटचाल मंदावत नाही, असं मोठ्या चाचणीत दिसलं. जंत असतील तर औषध जरूर द्यावं, रक्त कमी होणं थांबतं, अन्न अंगी लागतं. पण ते एआरटीच्या आधी उरकायचं काम नव्हे.

आता भावाच्या आतड्याकडे वळू. सीडी४ १००-२००च्या खाली आणि महिन्याहून जास्त पातळ जुलाब, असं चित्र दिसलं की माझ्या डोळ्यांसमोर चार नावं येतात: क्रिप्टोस्पोरिडियम, सिस्टोआयसोस्पोरा, सायक्लोस्पोरा आणि मायक्रोस्पोरिडिया. (यातलं शेवटचं आता बुरशीच्या घराण्यात गेलंय. आणि हे पहिल्यांदाच घडलेलं नाही. जून १९८१मध्ये लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांच्या ज्या न्यूमोनियापासून एड्सची कहाणी सुरू झाली, तो न्यूमोसिस्टिस तेव्हा परजीवीच मानला जात होता. काही वर्षांनी त्याच्या जनुकीय तपासणीत तो बुरशी निघाला. आम्ही परजीवी म्हणून शिकलो आणि बुरशी म्हणून शिकवलं.)

या चौघांपैकी तुमच्या भावाच्या वाट्याला आलाय तो त्यातल्या त्यात बरा, कारण त्यावर स्वस्त आणि हमखास लागू पडणारं औषध आहे: को-ट्रायमोक्साझोल. नेहमीची पद्धत म्हणजे १६० मिलिग्रॅम ट्रायमेथोप्रिम आणि ८०० मिलिग्रॅम सल्फामेथोक्साझोल असलेली गोळी दिवसातून दोन ते चार वेळा, सात ते दहा दिवस. बहुतेकांचे जुलाब दोन-चार दिवसांत उतरायला लागतात. रुग्ण स्वतःहून सांगतो, ‘डॉक्टर, आज एकदाच गेलो.’ इथेच घोटाळा होतो. जुलाब थांबले की गोळीही थांबते, आणि काही आठवड्यांत सगळं पुन्हा पहिल्यापासून. सीडी४ कमी असताना हा परजीवी परत येण्यात पटाईत आहे. म्हणून उपचाराचा डोस संपल्यावर तीच गोळी कमी प्रमाणात चालू ठेवतात आणि सीडी४ २००च्या वर सहा महिने टिकेपर्यंत थांबवत नाहीत. भावाच्या कागदावर दहा दिवसांनंतरची गोळी लिहिलेली आहे का, एवढं आजच बघा. ती ओळ नसेल तर फोन करून विचारा.

क्रिप्टोस्पोरिडियमची गोष्ट याच्या अगदी उलट. कमी सीडी४ असताना त्याच्यावर भरवशाचं औषध नाही. नायटाझोक्सानाइड देतात, पण एचआयव्हीत एआरटीशिवाय ते फारसं चालत नाही. एआरटीनं सीडी४ १००च्या वर गेला की तेच जुलाब आपोआप ओसरतात. तिथे औषध म्हणजे रुग्णाची स्वतःची प्रतिकारशक्ती, आणि ती परत येईपर्यंत त्याला पाणी-क्षारांवर तगवून ठेवणं हे आमचं काम. हा परजीवी क्लोरिनला दाद देत नाही. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९९३ साली शुद्धीकरण केंद्रातून आलेल्या नळाच्या पाण्यातून तो पसरला तेव्हा सुमारे चार लाख लोक आजारी पडले. धडधाकट माणसं आठ-पंधरा दिवसांत बरी झाली. मेलेल्यांत बहुतेक एड्सचे रुग्ण होते. म्हणून सीडी४ २००च्या खाली असताना पाणी उकळूनच प्यावं असं मी सांगतो. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. साधा घरगुती फिल्टर किंवा क्लोरिनचे थेंब याच्यासाठी पुरेसे नाहीत.

मायक्रोस्पोरिडियाच्या एका जातीवर आल्बेंडाझोल छान चालतं, आणि जी जात जास्त आढळते तिच्यावर जवळजवळ चालत नाही. म्हणजे तुमच्या घरातली ती गोळी कधीच उपयोगी नसते असं नाही, फक्त इथे नाही.

तपासणीबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण तुमचं नशीब बरं होतं. नेहमीच्या शौच तपासणीत हे परजीवी सहज निसटतात. क्रिप्टोस्पोरिडियमचा कोष, म्हणजे शौचातून बाहेर पडणारं त्याचं कवचबंद रूप, चार ते सहा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तांबड्या रक्तपेशीपेक्षाही लहान. साध्या काचेवर तो यीस्टसारखा दिसतो. टीबीच्या जंतूंसाठी वापरतात त्याच धर्तीचा सुधारित अ‍ॅसिड-फास्ट रंग दिला की हे कोष लालगुलाबी उठून दिसतात. पण तो रंग द्या असं कागदावर लिहून मागावं लागतं. शिवाय कोष रोज पडत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने. एका ‘नॉर्मल’ रिपोर्टवर विसंबून महिनाभर जुलाबाची गोळी घेत बसलेले रुग्ण मी कितीतरी पाहिलेत. वाचणाऱ्यांपैकी कुणी या अवस्थेत असेल तर डॉक्टरांना फक्त एवढंच विचारा: त्या रंगाची तपासणी झाली का?

आता रक्ताचा तो दुसरा रिपोर्ट आणि मांजर.

टॉक्सोप्लाझ्मा आयजीजी पॉझिटिव्ह याचा अर्थ भावाला आयुष्यात कधीतरी, कदाचित लहानपणीच, हा परजीवी लागून गेलाय. मेंदूचा आजार आहे असा त्याचा अर्थ होत नाही. जगात कोट्यवधी लोक असा रिपोर्ट घेऊन धडधाकट फिरताहेत. परजीवी त्यांच्या स्नायूंत आणि मेंदूत बारीक कोष करून झोपलेला असतो, सीडी४ पेशींचा पहारा असतो. पहारा १००च्या खाली उतरला की कोष फुटतात. एड्सच्या रुग्णांत टॉक्सोप्लाझ्माचा मेंदूज्वर जवळपास नेहमी असाच येतो: जुना भाडेकरू उठून बसतो. प्रतिबंधक गोळी न घेणाऱ्या, आयजीजी पॉझिटिव्ह आणि सीडी४ १००च्या खाली असलेल्यांत ही शक्यता ३० टक्क्यांपर्यंत सांगितली जाते. प्रतिबंधक गोळी कोणती? तीच, को-ट्रायमोक्साझोल, रोज एक. जुलाबावरचं, मेंदूच्या आजारापासून वाचवणारं आणि न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया टाळणारं औषध एकच आहे. म्हणून जुलाबाचा उपचार संपल्यावर आठवड्याला तीनच गोळ्या पुरतात असा हिशेब निघतो तिथेही मी भावासारख्या रुग्णाला रोजच्या गोळीवर ठेवतो.

मांजराचा यात दोष शून्य. परजीवी आधीच आत आहे, मांजर सोडून देऊन तो बाहेर येणार नाही. ज्यांचा आयजीजी निगेटिव्ह आहे त्यांनीही मांजर टाकू नये. मांजर आयुष्यात बहुधा एकदाच, एक ते तीन आठवडे, विष्ठेतून कोष टाकतं, आणि ते कोष बाहेर एक ते पाच दिवस मुरल्याशिवाय संसर्गक्षम होत नाहीत. विष्ठा रोजच्या रोज दुसऱ्या कुणी साफ केली की प्रश्न मिटतो. त्यापेक्षा मातीत हात घालून न धुणं आणि अर्धकच्चं मांस खाणं जास्त धोक्याचं. घरात कुणी गरोदर असेल आणि तिला हा संसर्ग आधी झालेला नसेल, तर ही काळजी तिनंही घ्यावी.

मेंदूचा आजार सुरू झाला तर कसं कळतं? काही दिवसांत वाढत जाणारी डोकेदुखी, ताप, बोलण्यात गोंधळ, एका हातापायाची ताकद कमी होणं, फिट येणं. यातलं काहीही दिसलं तर पुढच्या भेटीची वाट बघू नका. एमआरआयमध्ये कड चमकणाऱ्या एकाहून अधिक गाठी दिसतात, बऱ्याचदा मेंदूच्या खोल भागात. टीबीच्या गाठीही तशाच दिसतात आणि मेंदूतला लिम्फोमा हा कर्करोगही. इथे आम्ही थोडं उलटं वागतो. गाठीचा तुकडा काढण्याआधी टॉक्सोप्लाझ्माचं औषध सुरू करतो आणि दोन आठवडे बघतो. बहुतेक रुग्ण तेवढ्यात स्पष्ट सुधारतात आणि निदान त्यातूनच पक्कं होतं. नाही सुधारले तर मग बायोप्सीचा विचार. या दोन आठवड्यांत स्टेरॉइडला मी शक्यतो हात लावत नाही. मेंदूवर दाब येऊन जिवाशी खेळ असेल तर गोष्ट वेगळी, पण स्टेरॉइडनं लिम्फोमाही आकसतो, आणि मग माणूस नेमका कशानं सुधारला हे कुणालाच सांगता येत नाही.

उपचार किमान सहा आठवड्यांचा असतो. पायरिमेथामिन आणि सल्फाडायझिन ही जुनी जोडी; ती मिळत नसेल तिथे जास्त डोसमधलं को-ट्रायमोक्साझोलही चांगलं काम करतं. पायरिमेथामिनसोबत फॉलिनिक अ‍ॅसिड द्यावं लागतं, नाहीतर अस्थिमज्जा दबते आणि रक्तपेशी उतरतात. नावातल्या एका अक्षरामुळे रक्तवाढीची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिली गेल्याचं मी पाहिलंय. ती याची जागा घेत नाही. आणि फिट येत असतील तर कोणतं औषध चालू केलंय तेही बघायला हवं: फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ही फिटची औषधं डोल्युटेग्रॅव्हिर या एआरटीतल्या औषधाची रक्तातली पातळी खाली आणतात. लेव्हेटिरासेटामचा तसा त्रास नाही. मेंदूचा डॉक्टर एक कागद लिहितो, एचआयव्हीचा दुसरा, आणि दोन्ही कागद एकत्र ठेवून कुणी वाचत नाही. ते काम ताई, तुम्ही करा.

‘आधी जंत, मग एआरटी’ या घरच्या मताचं काय? जुन्या काळी आम्हीही असंच म्हणायचो. आधी सोबतचा आजार आटोक्यात आणू, माणूस जरा उभा राहू दे, मग एआरटी. २००९ साली एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. त्यात संधिसाधू आजाराचा, म्हणजे प्रतिकारशक्ती ढासळल्याचा फायदा घेऊन येणाऱ्या आजाराचा, उपचार सुरू झाल्यावर साधारण १२ दिवसांत एआरटी घेणारे आणि ४५ दिवसांनी घेणारे अशी तुलना होती. लवकर घेणाऱ्यांत मृत्यू आणि एड्सचं पुढे सरकणं जवळपास निम्मं होतं. वर जे लिहिलंय ते आठवलं तर यात नवल नाही. पेशीत राहणाऱ्या परजीवीला कायमचं जखडणारं बळ सीडी४ पेशींकडूनच येतं. गोळी परजीवीला खाली दाबते, सीडी४ पेशी त्याला खाली ठेवतात. आयसोस्पोरा किंवा क्रिप्टोस्पोरिडियमसाठी एआरटी थांबवण्याचं कारण नाही. टॉक्सोप्लाझ्माच्या मेंदूज्वरातही साधारण दोन आठवड्यांत सुरू करतात.

थांबावं लागतं ते मेंदूच्या आवरणाच्या दोन आजारांत: क्रिप्टोकॉकसचा मेनिंजायटिस आणि टीबीचा मेनिंजायटिस. तिथे घाईनं एआरटी दिली तर नव्यानं जागी झालेली प्रतिकारशक्ती बंदिस्त कवटीत सूज वाढवते आणि ती जिवावर बेतू शकते. म्हणून सीडी४ ५२ असलेल्या माणसात एआरटीआधी क्रिप्टोकॉकल अँटिजेनची रक्ततपासणी आणि टीबीची चौकशी व्हायला हवी. नावं सारखी आहेत म्हणून सांगतो: क्रिप्टोकॉकस ही बुरशी आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी, एकमेकांशी काही संबंध नाही.

आता तीच गोळी दीर्घकाळ घेताना. को-ट्रायमोक्साझोलमध्ये सल्फा आहे आणि एचआयव्ही असलेल्यांत सल्फाची अ‍ॅलर्जी इतरांपेक्षा बरीच जास्त दिसते. ती बहुधा पहिल्या दिवशी येत नाही. आठव्या ते बाराव्या दिवशी ताप आणि अंगभर लाल पुरळ उठतं. नुसती खाज असेल तर डॉक्टर निभावून नेतात, कधी अगदी बारीक डोसपासून चढवत शरीराला सवय लावतात. पण तोंडात फोड, डोळे लाल, कातडी सोलणं यातलं काही दिसलं तर गोळी तिथेच बंद आणि थेट दवाखाना. दुसरी गंमत रक्ताच्या रिपोर्टमधली. ट्रायमेथोप्रिम आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही दोन्ही औषधं क्रिएटिनिनला (ज्याच्या रक्तातल्या पातळीवरून किडनीचं काम जोखतात ते द्रव्य) लघवीत बाहेर टाकण्याचा एक रस्ता अडवतात. दोन्ही एकत्र सुरू झाल्यावर क्रिएटिनिन जरासं चढतं आणि घरात किडनीची धास्ती पसरते. थोडी वाढ होऊन तिथेच स्थिरावली असेल तर किडनीला काही झालेलं नसतं. वाढतच जात असेल, किंवा पोटॅशियम चढत असेल, तर मात्र तपास हवा. आणि दीड महिन्याच्या जुलाबानं शरीर कोरडं पडलं असेल तर क्रिएटिनिन त्यामुळेही वाढतं, म्हणून ओआरएस हे इथलं पहिलं औषध आहे. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या आणि अँटासिड डोल्युटेग्रॅव्हिरला शोषू देत नाहीत. अशक्तपणासाठी कुणी टॉनिक दिलं असेल तर वेळा विचारून घ्या.

हे तुमच्या प्रश्नात नाही, पण वाचणाऱ्यांत काळा आजार किंवा मलेरिया असलेल्या भागातलं कुणी असेल, म्हणून लिहितो.

काळा आजार आणि एचआयव्ही ही मला सगळ्यांत त्रास देणारी जोडी वाटते. लेशमॅनिया मॅक्रोफेजमध्येच राहतो, म्हणजे ज्या शिपायानं मारायचं त्याच्याच पोटात. एचआयव्ही त्या शिपायाला हुकूम देणाऱ्याला संपवतो, आणि लेशमॅनिया एचआयव्हीची वाढ भडकवतो. बिहार, इथिओपियाचा वायव्य भाग आणि नव्वदच्या दशकात दक्षिण युरोप, जिथे दोन्ही आजार एकमेकांत मिसळले तिथे चित्र एकच: उपचारानं माणूस उभा राहतो आणि काही महिन्यांत प्लीहा पुन्हा वाढते. बोटातल्या थेंबभर रक्तावर होणारी आरके-३९ची चाचणी एचआयव्ही असलेल्यांत चुकून निगेटिव्ह येण्याची शक्यता जास्त, तेव्हा ताप, मोठी प्लीहा आणि उतरलेल्या रक्तपेशी समोर असतील तर त्या एका पट्टीवर थांबू नये, अस्थिमज्जा तपासावी. बिहारमध्ये झालेल्या चाचणीनंतर जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली एकट्या लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनऐवजी त्यासोबत मिल्टेफोसिन द्यावं अशी शिफारस केली. काळ्या आजाराच्या प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही चाचणी व्हावी, हे मी जिथे बोलायला मिळेल तिथे बोलतो.

मलेरियात औषधांची जुळणी सांभाळावी लागते. रोज को-ट्रायमोक्साझोल घेणाऱ्या माणसाला, गरोदर बाईलासुद्धा, सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन देऊ नये. एकाच जातीची औषधं दुप्पट होतात. एआरटीत एफाविरेंझ किंवा झिडोव्हुडिन चालू असेल तर अ‍ॅमोडायाक्विन असलेली जोडी टाळतात, पहिल्यात यकृताला त्रास, दुसऱ्यात पांढऱ्या पेशी घसरतात. मलेरियाच्या तापात व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या एचआयव्ही विषाणूंचं प्रमाण, तात्पुरता वाढलेला दिसू शकतो, तेव्हा त्याच आठवड्यातल्या रिपोर्टवरून एआरटी बदलू नका.

राहिली भांडी. एचआयव्ही ताट-वाटीतून पसरत नाही, हे इतक्या वर्षांनीही सांगावं लागतं. आयसोस्पोराचे कोष शौचातून बाहेर पडतात तेव्हा कच्चे असतात. बाहेर दिवस-दोन दिवस मुरल्याशिवाय ते कुणाला लागत नाहीत, त्यामुळे माणसाकडून माणसाला तो थेट सहसा पोचत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम असता तर गोष्ट वेगळी होती, त्याचे कोष पडल्या क्षणी संसर्ग करू शकतात आणि सॅनिटायझरनं मरत नाहीत. दोन्हीवर उपाय साबण आणि वाहतं पाणी. शौचानंतर भावानं, आणि त्याचे कपडे धुणाऱ्यानं, हात नीट धुतले की पुरे. जेवायला त्याला सोबतच बसवा. ११ किलो परत मिळवायचे आहेत, आणि एकटं बसून जेवणाऱ्या आजाऱ्याला दोन घास कमीच जातात.

पहिल्या दोन महिन्यांत एखादा नवा ताप, मानेत गाठ, खोकला किंवा डोकेदुखी सुरू झाली तर ‘एआरटी मानवली नाही’ असं समजून गोळ्या बंद करू नका. सीडी४ चढताना प्रतिकारशक्ती जागी होते आणि आतापर्यंत लपलेला आजार उघडा पडतो. तो शोधून उपचार करतात, एआरटी बहुधा चालूच राहते. पंधरवड्यानं वजन करा आणि आकडा वहीत लिहा. जुलाब दहा दिवसांच्या डोसनंतरही तसेच असतील तर शौचाचे तीन नमुने पुन्हा द्या, या वेळी क्रिप्टोस्पोरिडियम आणि मायक्रोस्पोरिडियाही शोधायला सांगून. एकाच आतड्यात दोघं-तिघं सोबत सापडतात, आणि पहिला सापडला की दुसऱ्याचा शोध थांबतो.